सात घरांची आरण

मुळशीला लोक धरणाचं पाणी बघायला जातात, नाहीतर करवंदं खायला जातात. मी बटाटे आणायला गेले होते. शाळा सुरू झाल्यावर हे ऐकून आमच्या शाळेतल्या शिक्षिका पोट धरून हसल्या. मग आषाढात दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं आणि विचारपूस सुरू झाली. तोंडाने सांगायला गेले तर मला नीट सांगता येईना, म्हणून लिहून काढते आहे.

झालं असं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नारायण पेठेतल्या सहाजणी मिळून उपासाचे पदार्थ करून विकतो. बटाट्याचा कीस, वेफर, साबुदाण्याच्या चकल्या. यंदा वैशाखात पुण्यात बटाटा असा काही महागला, की कीस विकून आमच्या पदरात नुसती सालं पडली असती. मी तणतणत होते. आमच्याकडे धुणंभांडी करणारी हौसाबाई तेव्हा मोरीतूनच म्हणाली, "आमच्या वाडीत आंब्याखाली ढीग पडलाय बटाट्याचा. घरायेवढा."

"मग विकत का नाहीत?"

"ते मला काय ठावं? चला, ईचारा त्यास्नी."

नवरा वारल्यापासून हौसाबाईचं घर म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं, भिकूचं घर. वर्षातले नऊ-दहा महिने ती पुण्यात चार घरची कामं करते आणि पेरणी-काढणीला वाडीवर जाते. तिच्याबरोबर जायचं, दलालाला वगळून थेट शेतकऱ्याकडून माल घ्यायचा, त्यालाही चार पैसे जास्त द्यायचे आणि आपलेही वाचवायचे, असा माझा बेत. मला तो इतका शहाणपणाचा वाटला, की दहा रिकामी पोती मी गुंडाळून बरोबर घेतली.

पौडाच्या पुढे

एस.टी.चा प्रवास सांगण्यासारखा नाही. भूगाव, भुकूम करत गाडी थांबत होती आणि पुण्यात दूध घालून परतणारे लोक रिकाम्या चरव्यांसकट उतरत होते, एवढंच. पौडाला उतरून पुढे चार मैलांची चढण. पहिल्याच मैलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. हौसाबाईने वाटेकडेचं घायपाताचं पान दगडावर ठेचलं, त्यातला वाख, म्हणजे चिवट धागा, काढला आणि अंगठा असा आवळला की पुण्यात चांभाराने नंतर तो बघून विचारलं, हे कोणाचं काम? डोक्यावर माझी पोती, हातात माझी पिशवी आणि वर माझी चप्पलही तिनेच सांभाळली. मी फक्त धापा टाकत होते.

वाडी सात घरांची. कुडाच्या भिंती, वर गवत, एकदोन घरांवर कौलं. समोर मुरमाचा उतार, त्यावर बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्या. पट्ट्यांत आता काहीच नव्हतं, नुसती तापलेली माती. या लोकांची भाताची जमीन खाली खोऱ्यात होती, ती धरणात गेली. मग ते वर सरकले आणि या उतारावर, जिथे पाणी ठरत नाही, तिथे बटाटा लावू लागले. हे भिकूनेच सांगितलं. तिशीतला, कमी बोलणारा माणूस. बोलताना त्याची नजर गोठ्याकडे जायची. गोठ्यात एक बैल होता आणि दोन दावी होती.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि करवंदांची चटणी. चटणीने डोळ्यांतून पाणी आलं, पण चव अशी की मी तिसऱ्यांदा मागून घेतली. आणि मग मी पुणेरी मोकळेपणाने म्हटलं, "रात्रीला बटाट्याची भाजी केलीत तरी चालेल हं. तिखट मात्र बेताचं."

भिकूची बायको हौसाबाईकडे बघत राहिली.

"बटाटा?" ती म्हणाली. "आन् आता?"

"का? नाही का घरात?"

"येक बी न्हाई."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. माझ्या मालकीची कुंडीभर मातीसुद्धा नाही, पण माझ्या जिन्याखाली बारा महिने बटाट्याची टोपली असते. आणि ज्यांनी तो पिकवला त्यांच्या चुलीवर तो नाही! काढणीच्या वेळी गोलटी, म्हणजे गोटीएवढे बारके बटाटे, निखाऱ्यावर भाजून पोरांना देतात आणि तेवढाच काय तो वाडीच्या तोंडी लागतो. बाकी सगळा विकायचा, नाहीतर ठेवायचा. मी थक्क होऊन भाकरी चावत बसले.

आंब्याखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई मला ढीग दाखवायला घेऊन गेली. वाडीच्या वरच्या अंगाला एक जुना आंबा आहे. त्याच्या दाट सावलीत खरोखर घराएवढा उंचवटा होता, कारवीच्या काटक्यांनी वेढलेला आणि वर पेंढ्याचे थर. एक म्हातारे गृहस्थ त्याच्याभोवती हळूहळू फिरत होते आणि मध्येच वाकून पेंढ्याला नाक लावत होते. हे तात्या, वाडीतले सर्वांत वडीलधारे. त्या दिवशी वास घ्यायची पाळी त्यांच्या घराची होती.

"आतलं येक जरी नासलं तरी वास भाईर येतो," ते म्हणाले. "हिला आरण म्हनत्यात. बेणं हाय हे. मिरगानंतर लावायचं."

बेणं म्हणजे बियाणं. मी पोत्यांची गुंडाळी काखेतून हळूच खाली ठेवली, पण बेत काही सोडला नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईला समोरच्याचं चुकतंय असं आधी वाटतं आणि काय चुकतंय ते ती मागाहून शोधते.

"यात तुमचं किती?"

"आमच्या घराचं हाय आमच्या घरापुरतं."

"म्हणजे किती? कुठल्या बाजूला?"

"बाजू कशाची? सातबी घरांचं येकात वतलंय."

"मग खूण? वही?"

तात्या हसले. "ज्यानं घातलं त्याला ठावं न्हाई व्हय किती घातलं ते?"

मला हे काही केल्या पटेना. आमच्या वाड्यात सामाईक नळावरच्या बादल्यांवर रंगाने नावं घातलेली आहेत. चमचा उसना देतानासुद्धा त्याच्यावर नाव कोरलेलं आहे ना, हे बघून देतात. आणि इथे सात घरांचं सगळं पुढचं वर्ष एका ढिगात मिसळून ठेवलेलं, ना खूण, ना कुलूप! आतलं एक नासलं तर सातही घरं बुडाली. मी तसं बोलून दाखवलं. निदान घरटी एकेक ढीग तरी करा, म्हटलं.

"आपापल्या घरात ठिवलं असतं तर औंदा येक बटाटा ऱ्हायला नसता," तात्या म्हणाले. "फागनात पेठेत माल नेतो तवा समद्यांचाच येतो. दलाल फडक्याखाली घेनाऱ्याची बोटं दाबतो. भाव दलालाला ठावं, घेनाऱ्याला ठावं, ज्याचा माल त्यालाच न्हाई. देतील ते घ्यायचं आन् यायचं. आन् वैशाखात त्योच बटाटा सोन्याचा हुतो. मंग ज्याच्या घरात असंल त्याला झोप येईल का? हितं सात घरांच्या नदरंखाली हाय. येकट्याला हात लावता येत न्हाई, म्हनून ऱ्हातोय."

म्हणजे हा ढीग चोरापासून राखलेला नव्हता. तो त्यांनी स्वतःपासूनच राखला होता. हे कळलं तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण भाव ठरतो तो ज्याच्या मालाचा त्यालाच कळत नाही, हे ऐकून माझं डोकं तापलं होतं. मी वही काढली आणि तिथेच आंब्याखाली उभ्या उभ्या त्यांना हिशेब शिकवला. फाल्गुनात तुम्हाला मिळाला त्याच्या अडीचपट भाव मी आज, उघड, तोंडाने सांगते. फडकं नाही आणि दलालही नाही. हे सगळं मला द्या, आणि मिरगाला त्यातल्या निम्म्या पैशांत पुण्याहून बियाणं विकत आणा. निम्मे पैसे शिल्लक! एव्हाना आणखी चारपाच माणसं जमली होती. भिकूही होता. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, त्यांना आकडेमोड समजली नाही, म्हणून मी ती पुन्हा सांगितली.

"समजलं, बाई," तात्या म्हणाले. "येकदा केलंय आमी तसं."

त्यांनी उताराकडे हात केला. तिथे गवतात दगडांचे दोन चौथरे होते. आदल्या दिवशी मी त्यांना गुरांची जागा समजले होते.

"तवा नऊ घरं हुती. बेणं इकलं आन् पेठेतनं दुसरं आनलं. लई झाक दिसत हुतं. लावलं तर निम्म्यालाबी कोंब न्हाई. त्या साली समदी वाडी सडकंवर खडी फोडाया गेली. आमी सात परत आलो. ती दोन घरं ममईला गेली ती गेलीच."

मी वही मिटली. त्या चौथऱ्यांच्या कडेला अजून पाटा पडलेला होता, वापरून मध्यभागी खोलगट झालेला. घर सोडताना माणसाने पाटा मागे ठेवला, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

भिकूचं मागणं

दुपारी ओसरीवर मी लवंडले होते. भिकू येऊन खांबाला टेकून बसला. 

"तुमी सांगितला त्यो भाव खरा का?"

"अगदी खरा."

"माझ्या घराच्या हिश्श्यात येक बैल येईल," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. चैत्रात त्याच्या जोडीतल्या एका बैलाला पान लागलं, म्हणजे साप डसला. सकाळी गोठ्यात गेला तर बैल आडवा. आता बेणं आहे, पण नांगराला जोडी नाही. बैल आणावा तर बेणं विकायला लागतं. रोज सकाळी उठून तो हेच दोन्ही बाजूंनी मोजतो आणि रोज तेवढंच निघतं.

इथे मी जे बोलले ते मला आता लिहितानाही नको वाटतं, पण लिहिते. मी म्हटलं, "अरे, त्यात एवढा विचार कसला? बैल दहा वर्षं राहील. बियाणं काय, कोणाकडूनही उसनं मिळेल. नाहीतर यंदा नाचणी पेर." वर्गात सोपं गणित अडलेल्या मुलीशी बोलावं तशी बोलले. त्याने मान हलवली आणि उठून गेला. मला वाटलं, चला, एका घराचा तरी माल मिळाला. एक पोतं तरी भरेल.

थोड्या वेळाने हौसाबाई आली ती ओसरीच्या पायरीशीच उभी राहिली. चार वर्षांत ती माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"काय सांगितलं तुमी त्याला? त्यानं आरण मागितली!"

"त्याचाच हिस्सा मागितला ना? मग?"

"बाई, आरण येकट्यासाठी उघडत न्हाईत. उघडली की वारा शिरतो, चार दिसांत कोंब फुटत्यात. मंग ज्यानं त्यानं आपलं घरला न्यायचं. आन् घरला नेलं की…" तिने माझ्या पोत्यांकडे बोट दाखवलं.

"मग तात्यांनी त्याला नाही म्हणावं."

"न्हाई म्हनता येत न्हाई. ज्याचं हाय त्यानं मागितलं तर न्हाई म्हनायचं न्हाई. त्यो पयल्यापासूनचा कौल हाय."

मी उठून बसले. मागेल त्याला अडवायचं नाही? मग हा सगळा बंदोबस्त कशावर उभा आहे? हौसाबाईला माझा प्रश्नच कळला नाही. अडवलं तर त्याला वाटेल की माझं माझं राहिलं नाही, एवढंच ती म्हणाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं ही आरण फक्त कोणी मागितली नाही म्हणून टिकली आहे. आणि मागायला मी लावलं.

मी तशीच भिकूकडे गेले. तो त्या एकट्या बैलाला पाणी दाखवत होता. म्हटलं, "बैलाचे पैसे मी देते. पुढच्या फाल्गुनातल्या तुझ्या मालाचे आगाऊ समज."

"जमिनीत न्हाई त्या मालाचं पैसं घेतलं तर त्यो माल माझा कसा म्हनायचा?" तो म्हणाला.

"मग नुसते घे. परत नको देऊस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, पण मला मान खाली घालावी लागली. सकाळी भाव सांगणारी बाई संध्याकाळी दान करायला निघाली होती.

सात टोपल्या

तिसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत सातही घरांची माणसं आंब्याखाली आली. प्रत्येक घरची एक टोपली. कोणी भांडत नव्हतं, कोणी भिकूला समजावत नव्हतं. आमच्याकडे एवढ्यावरून जिन्यात उभं राहून तीन पिढ्यांचा उद्धार झाला असता. ती शांतता मला सहन होईना. मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, "मला बटाटे नकोत! मी एकही विकत घेणार नाही. भाव मागे घेतला."

तात्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तुमी घ्या न्हाईतर नका घेऊ. दुसरं कुनी घील. त्यानं मागितलंय."

माझ्या नकाराला तिथे काडीची किंमत नव्हती. ज्या शब्दाने हे सगळं घडलं तो मला गिळता येत नव्हता. मी आंब्याच्या मुळावर जाऊन बसले.

रीत अशी, की मागणाऱ्याने पहिला हात घालायचा, मग सगळ्यांनी मिळून पेंढा उतरवायचा. भिकूने बाही वर सारली, पेंढा बाजूला केला आणि दंडापर्यंत हात आत घातला. एक बटाटा बाहेर काढला. चांगला मुठीएवढा, कोरडा, डोळे नुकते जागे होऊ लागलेले. त्याने वास घेतला. सगळ्यांनी आपापल्या टोपल्या उचलल्या.

मग त्याने तो बटाटा धोतराला पुसला आणि खाल्ला. कच्चा, सालासकट. कचाकचा चावण्याचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू येत होता. मला वाटलं, त्याला वेड लागलं.  शेवटचा घास गिळायला त्याला जड गेलं, डोळ्यांत पाणी आलं, पण तो गिळला.

"घेतला म्या माझा वाटा," तो म्हणाला. "सपलं माझं मागनं. बाकीचं मिरगाला. घ्या झाकून."

तात्यांनी स्वतः पुढे होऊन भोकात पेंढा दाबला. माणसं टोपल्या घेऊन आपापल्या कामाला गेली. भिकूच्या बायकोने त्याला तांब्याभर पाणी दिलं. मी रडत होते आणि का रडते आहे ते कोणी विचारलं नाही. त्याच दिवशी मी दहा रिकामी पोती घेऊन एकटी पौडाला उतरले. हौसाबाई वाडीवरच राहिली.

पुणे, आषाढ

हौसाबाई दरवर्षी लावणी उरकून आषाढाच्या सुरुवातीला परत येते. यंदा आषाढ संपत आला तरी तिचा पत्ता नाही. भांडी घासून माझे हात सोलवटले होते. खरं सांगते, वाडीवरचं सगळं पाहून आलेली मी रोज मोरीत बसून तिच्या नावाने बोटं मोडत होते. माणूस इतक्या लवकर पूर्ववत होतो.

एका सकाळी ती दारात उभी राहिली. वाळलेली, काळवंडलेली. मी आधी चार शब्द सुनावून घेतले आणि मग विचारलं, "लावणी झाली का? भिकूला बैल मिळाला?"

"मिळाला की," ती म्हणाली आणि किंचित हसली.

"कोणी दिला?"

"तात्यानं येक दिस दिली आपली जोडी. पर पावसानंतरचा वापसा काय थांबतोय व्हय? चार दिस मिळत्यात, त्यात ज्याचं त्याला रान उरकायचं आसतं. मंग काय करता?" तिने डाव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला.

चोळीच्या वर, मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत कातडं सोलून निघालं होतं. काही ठिकाणी खपली धरली होती, काही ठिकाणी अजून लाल होतं. मला काही कळेना. भाजलंस का, म्हणून मी विचारलं.

"जू हाय ते. बैलाच्या जोडीला येक फेरा भावजय, येक फेरा मी. भिकू मागं नांगर धरतो. बैल ल्हानखुरा हाय म्हनून बरं, उंची जमती."

 ज्या बाईने माझी पोती डोक्यावरून वाहिली, जिच्या भावाला मी हिशेब शिकवला, ती बैलाच्या शेजारी जुवाखाली चालली होती आणि मी तिला उशिराबद्दल बोल लावत होते. मी आत धावले, खोबरेल तेलाची वाटी आणली आणि तिच्या खांद्याला हात लावणार, तोच ती झटकन मागे सरली.

"नगं बाई, तेल नगं. त्यानं कातडं मऊ पडतं." तिने पदर पुन्हा वर घेतला. "कामाला दुसरी बाई बघा, येवढं सांगाया आले. अजून दोन पट्ट्या ऱ्हायल्यात. दुपारच्या गाडीनं परत जायाचंय."